आईबापांवाचून वाढलेली लेक : वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर

वेल्लोर हे नाव आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस नवे नाही. गावच्या दवाखान्यात गुण आला नाही, जिल्ह्याच्या इस्पितळातही रोग उमगला नाही, म्हणजे कोणी तरी वेल्लोरचे नाव काढतो. मग घरची माणसे पैसा जमवितात, पाळक प्रार्थना करतात, आणि रोग्यास घेऊन त्याचे आप्त चेन्नईकडील आगगाडीने काटपाडीच्या स्टेशनावर उतरतात. हे एवढे मोठे काम ज्या बाईने आरंभिले त्या डॉ. आयडा स्कडर यांचे नाव पुष्कळांनी ऐकिले आहे. परंतु त्यांचे बालपण कसे गेले, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. ते आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचे कारण असे की, त्या बालपणात जो प्रश्न उभा राहिला तोच आज आमच्या मंडळ्यांतील कित्येक घरांत उभा आहे. आईबाप देवाच्या कामासाठी म्हणा किंवा पोटासाठी म्हणा, दूर निघून गेले, तर मागे राहिलेल्या लेकराने काय करावे, आणि त्या लेकरासाठी आम्ही काय करावे?

या घराण्याची कथा आमच्या मुंबईपासून सुरू होते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. अमेरिकन मराठी मिशनाचे पहिले मिशनरी रेव्ह. गॉर्डन हॉल व रेव्ह. सॅम्युएल न्यूएल यांनी मुंबईत असता जगातील साठ कोटी लोकांस सुवार्ता कळविण्याच्या कर्तव्यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. ते १८१८ साली अमेरिकेत छापून निघाले. न्यूयॉर्क शहरात डॉ. जॉन स्कडर नावाचा एक तरुण वैद्य होता. त्याचा धंदा चांगला चालला होता. एका रोगी बाईच्या घरी वाट पाहत बसला असता हे पुस्तक त्याच्या हाती पडले. ते त्याने घरी नेऊन वाचिले, आणि त्याचे मन एवढे पालटले की, १८१९ साली तो आपली पत्नी हॅरिएट हिला घेऊन सिंहलद्वीपास निघाला. अमेरिकेतून परदेशी गेलेला तो पहिला वैद्य मिशनरी होय. पुढे तो मद्रास इलाख्यात आला. त्याचे सात मुलगे मोठे होऊन या देशात मिशनरी झाले, व त्यांतील तिघांनी १८५३ साली अर्काट मिशनाची स्थापना केली. मुंबईत पेरलेले बी न्यूयॉर्कात उगवले, आणि त्याचे पीक तमिळ देशाने कापिले.

परंतु या पिकाची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. परक्या देशात घर करणाऱ्या त्या लोकांपुढे मुलांचा प्रश्न फार बिकट असे. येथील ताप व पटकी गोऱ्या लेकरांस सोसत नसे. लहान लहान थडग्यांच्या ओळी जुन्या मिशनांच्या दफनभूमींत आजही दिसतात. जी मुले वाचत त्यांच्या शिक्षणासाठी त्यांस दहाबारा वर्षांची होण्यापूर्वीच जहाजात बसवून समुद्रापार पाठवीत. आमचे हॉल साहेब यांनीही १८२५ साली आपली पत्नी व दोन मुलगे यांस अमेरिकेस पाठविले. त्यांतील एक मूल वाटेत जहाजावरच वारले. दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात हॉल साहेब स्वतः नाशिकाकडील फेरीवरून परत येत असता पटकीने वाटेतच वारले. पत्नीची व त्या उरलेल्या मुलाची गाठ त्यांस या जगात पुन्हा पडली नाही. आमच्या मराठी मंडळीच्या पायात हे दगडही बसविलेले आहेत, हे आम्ही विसरू नये.

आता आयडाकडे वळू. डॉ. जॉन स्कडर यांचा त्यांच्याच नावाचा मुलगा सिंहलद्वीपात जन्मला. त्याचे शिक्षण अमेरिकेत झाले, व १८६१ साली तोही वैद्य मिशनरी होऊन हिंदुस्थानात आला. त्याच्या पत्नीचे नाव सोफिया. या दांपत्यास अनेक मुलगे झाले, व त्यांच्या पाठीवर ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेट येथे एक मुलगी झाली, तीच आयडा. तिचे आजोबा या देशात परदेशी म्हणून आले, बाप या भागात जन्मून परदेशी राहिला, आणि ही मुलगीही तशीच दोन देशांच्या उंबरठ्यावर जन्मली. तिच्या कानावर घरात इंग्रजी व अंगणात तमिळ पडत असे. तिच्या आईबापांच्या तोंडी मायदेश म्हणून ज्या देशाचे नाव येई तो तिने पाहिलाही नव्हता.

ती सहा वर्षांची झाली नाही तोच दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. १८७६ पासून १८७८ पर्यंत तो चालला. सोलापूर, नगर, विजापूर या आमच्या भागांनाही त्याने उजाड केले, व तमिळ देशात तर रस्त्याच्या कडेला माणसे मरून पडली. मिशनच्या आवारात उपाशी मुलांच्या रांगा लागत. कित्येक मुले इतकी अशक्त झाली होती की, हातात दिलेला भाकरीचा तुकडाही त्यांच्याने तोंडापर्यंत नेववत नसे. आयडा आपल्या चिमुकल्या हातांनी तुकडे मोडून त्यांच्या मुखात घालीत असे. मोठेपणीही ते दृश्य तिच्या डोळ्यांपुढून गेले नाही. परंतु त्यामुळे तिच्या मनात या देशाविषयी दया उपजली, असे समजणे चुकीचे होईल. लेकराच्या मनात प्रथम भय बसले. उष्णता, धूळ, रोग आणि मरण असा हिंदुस्थान तिच्या बालमनात कोरला गेला.

१८७८ साली वडिलांची प्रकृती ढासळल्यामुळे सर्व कुटुंब रजेवर अमेरिकेस गेले व नेब्रास्का प्रांतात एका शेतावर राहू लागले. तेथे सर्व घर एकत्र होते. मोकळे गवताळ माळ, घोडे, भाऊ, आणि रात्री एका छपराखाली आईबाप! आयडाच्या बालपणातील ही सर्वांत सुखाची वर्षे होत. पण वडिलांस आराम पडताच त्यांचे मन पुन्हा अर्काट मिशनाकडे ओढू लागले, व ते एकटेच निघून गेले. काही काळाने आईनेही त्यांच्यामागे जाण्याचे ठरविले. आयडा तेव्हा लहान मूल नव्हती आणि मोठीही नव्हती. ज्या वयात मुलीस आई सर्वांत अधिक लागते त्या वयाची ती होती. तिचे चुलते रेव्ह. हेन्री मार्टिन स्कडर हे एके काळी अर्काट मिशनाचे संस्थापक होते व आता शिकागो शहरात पाळक होते. त्यांच्या घरी तिला ठेवावयाचे ठरले.

आई निघाली त्या रात्री पाऊस कोसळत होता. आयडा स्टेशनावर जावयास हट्ट धरून बसली, परंतु तिला नेले नाही. गाडी दारातून निघून गेल्यावर ती जिना चढून आईच्या खोलीत धावली, आईच्या रिकाम्या बिछान्यावर पडली, आणि आईची उशी उराशी धरून रात्रभर रडली. त्या काळी पत्र हिंदुस्थानातून येण्यास कित्येक आठवडे लागत. मुलीने दुःख लिहावे, ते आईने वाचावे आणि आईचे समाधान परत यावे, तोपर्यंत ते दुःख जुने होऊन त्याच्या जागी दुसरे आलेले असे.

चुलत्यांनी व चुलतीने तिला उणे पडू दिले नाही. तरी परघर ते परघर. पुढे तर तेही जपान देशात मिशनरी होऊन गेले, आणि आयडा दुसऱ्यांदा पोरकी झाली. त्यानंतर प्रसिद्ध सुवार्तिक मूडी साहेबांनी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील नॉर्थफील्ड येथे मुलींसाठी जी शाळा काढली होती, तिच्यात ती दाखल झाली. तेथे ती खोडकर म्हणून गाजली. हसणे, खेळणे, सोबतिणींच्या खोड्या काढणे यांत ती सर्वांच्या पुढे. पण बोर्डिंगात ज्यांनी मुले सांभाळिली आहेत त्यांस ठाऊक आहे की, सर्वांत अधिक हसणारे मूल पुष्कळदा सर्वांत अधिक एकटे असते. तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती : काहीही झाले तरी आपण मिशनरी व्हावयाचे नाही. आपण या देशात राहू, लग्न करू, घर करू. आपल्या घराण्यातील इतक्या माणसांस ज्या देशाने गिळून टाकिले त्याच्याकडे पुन्हा पाहावयाचे नाही, असा तिचा निश्चय होता.

येथे आम्ही थोडे थांबतो. आयडाच्या आईबापांनी चुकीचे केले काय? पवित्र शास्त्रात हन्नेने आपल्या शमुवेलास दूध तुटताच शिलो येथे नेऊन ठेविले. आम्ही तिची वाखाणणी करितो, व ते योग्यच आहे. ती दर वर्षी त्याच्यासाठी लहान झगा शिवून नेत असे, असेही शास्त्र सांगते. पण त्या वर्षभरात रात्री दिवे मालवल्यावर त्या पोराच्या मनात काय येत असे, ते शास्त्राने लिहून ठेविले नाही. हन्नेचा यज्ञ तिने स्वतः वाहिला; शमुवेलास कोणी विचारिले नव्हते. आईबाप आपल्या पाचारणासाठी जो त्याग करितात तो त्यांच्या इच्छेचा असतो, व त्याचे समाधानही त्यांस मिळते. लेकराचा त्याग मात्र त्याच्यावर येऊन पडतो. म्हणून अशा लेकराने रडले, रागावले, देवाच्या कामाचाही तिटकारा केला, तरी त्यास अविश्वासी म्हणू नये. आयडाचा राग हा तिच्या प्रीतीचाच राग होता. जिची आई तिला नको असती तिने आईची उशी उराशी धरली नसती.

१८९० साली हिंदुस्थानातून निरोप आला की, आई फार आजारी आहे. आयडा वीस वर्षांची होत आली होती. तिने मिशनरी होण्याचे नाकारिले होते, पण लेक होण्याचे नाकारिले नव्हते. ती जहाजात बसली, आणि तिंडीवनम येथील मिशनच्या बंगल्यात आईच्या उशाशी येऊन पोहोचली. आईची शुश्रूषा करावी, तिला बरे वाटले म्हणजे परत जावे, एवढाच तिचा बेत होता. मुलींच्या शाळेत ती थोडे शिकवू लागली, परंतु मन अमेरिकेकडे लागलेले होते. या काळात आईबापांनी तिला मिशनरी होण्यासाठी जुलूम केला नाही. त्यांनी तिला आपल्याजवळ राहू दिले व देवावर हवाला ठेविला. हे त्यांचे मौन आम्हांस त्यांच्या सर्व प्रवासांहून मोठे वाटते.

मग ती रात्र आली. आयडा आपल्या खोलीत दिव्याजवळ बसली असता बाहेर पावले वाजली. एक तरुण ब्राह्मण दारी उभा होता. त्याची पत्नी अगदी कोवळ्या वयाची. ती बाळंतपणात अडली होती, व सुईणीने हात टेकिले होते. आयडा त्यास म्हणाली की, वैद्य मी नव्हे, माझे वडील आहेत. ते तत्काळ येतील. परंतु परपुरुषाने आपल्या पत्नीचे मुख पाहावे, हे त्याच्या कुळाचारास मान्य नव्हते. तो खिन्न होऊन निघून गेला. थोड्या वेळाने पुन्हा पावले वाजली. हा एक मुसलमान गृहस्थ होता. त्याच्या घरीही तेच संकट, व त्याच्या गोषाचा नियमही तसाच. वडिलांनी स्वतः समजावून पाहिले, पण व्यर्थ. तिसऱ्यांदा पावले वाजली, तेव्हा एक उच्च जातीचा हिंदू गृहस्थ तेच गाऱ्हाणे घेऊन आला व तसाच परत गेला. तिघांसही स्त्री वैद्य पाहिजे होती, आणि त्या साऱ्या मुलुखात ती नव्हती.

आयडास त्या रात्री झोप आली नाही. सकाळी गावातून प्रेतयात्रेचे ढोल ऐकू आले. तिने चाकरास चौकशीस पाठविले. तिन्ही स्त्रिया रात्रीत मरण पावल्या होत्या.

वाचकहो, शिलोच्या मंदिरातही एका रात्री एका मुलास तीन वेळा हाक आली होती, आणि तीन वेळा तो दुसऱ्याच्याच खाटेकडे धावला होता. ती हाक आपल्यासाठी आहे, हे त्याला कळले नव्हते. आयडाही तीन वेळा वडिलांकडे धावली. वैद्य ते, मिशनरी ते, पाचारण त्यांचे. पण त्या तीन दारांशी वडिलांचा उपयोग नव्हता. तेथे पाहिजे होती ती लेकच. आजवर जे काम आपली आई आपल्यापासून हिरावून नेणारे म्हणून तिला ठाऊक होते, त्याचे दुसरे अंग त्या पहाटे तिला दिसले. आम्हांस असेही वाटते की, ज्या मुलीने एका पावसाळी रात्री आईवाचून रडून काढिले होते, तिलाच त्या तीन घरांतील काळोख नीट समजला. तिची आई समुद्रापलीकडे तरी जिवंत होती. या घरांतून तर तरुण आया कायमच्या गेल्या. तिने प्रार्थना केली, आणि सकाळी आईबापांपुढे उभी राहून सांगितले की, आपण अमेरिकेस जाऊन वैद्यकी शिकणार व येथल्या स्त्रियांसाठी परत येणार.

आता पुन्हा वियोग आला. पण या वेळी निघून जाणारी लेक होती, आणि मागे राहणारे आईबाप. १८९५ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात तिने प्रवेश घेतला. पुढे न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय स्त्रियांस खुले झाले, तेव्हा ती तेथे गेली, व १८९९ साली पदवी घेऊन बाहेर पडली. परत निघण्यापूर्वी वेल्लोर येथे स्त्रियांचे इस्पितळ बांधण्यासाठी आठ हजार डॉलर जमवावे, असे मिशनाने सांगितले. दिवस थोडे होते. एके दिवशी न्यूयॉर्कात मिस टेबर नावाच्या एका बाईंकडे ती वर्गणीसाठी गेली. शेजारच्या खोलीत त्यांचे मेहुणे शेल नावाचे एक वृद्ध बँकवाले बसले होते. बोलणे त्यांच्या कानी गेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला बोलाविले व आपल्या मृत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले.

१ जानेवारी १९०० रोजी आयडाबाई आपली मैत्रीण अॅनी हॅनकॉक हिला घेऊन वेल्लोर येथे पोहोचल्या. वडिलांच्या हाताखाली काही वर्षे काम शिकावे, अशी त्यांची आशा होती. परंतु पाच महिनेही झाले नाहीत तोच वडील वारले. ज्या बापाजवळ राहण्यासाठी लहानपणी जीव तुटत होता, त्याच्याबरोबर काम करावयाचे दिवस येताच देवाने त्यास उचलून नेले. आता एवढ्या मोठ्या शहरात ही एकटी नवशिकी वैद्यीण! प्रथम लोक येण्यास भीत. बंगल्यातील एका लहान खोलीत तिने औषधे मांडिली. रोगी ठेवावयास एकच खाट होती. पण हळूहळू ओसरी भरू लागली, आणि पहिल्या दोन वर्षांत पाच हजारांवर रोगी तपासले गेले. १९०२ साली चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल इस्पितळ उघडले.

त्यांना लवकरच दिसून आले की, एका बाईच्या दोन हातांनी हे दुःख आवरणार नाही. त्या रात्री दारी तिघे आले होते; आता तर तीन हजार दारे होती. म्हणून १९०९ साली त्यांनी परिचारिकांची शाळा काढिली. त्याच सुमारास आठवड्यातून एक दिवस गाडीत औषधे भरून खेड्यांकडे जाण्याचा क्रम सुरू केला. रस्त्याच्या कडेला ठरलेल्या झाडांखाली गाडी उभी राही, व महारोगी, आंधळे, पोटुशी बाया, खरुजेने भरलेली मुले तिच्याभोवती जमत. आज ज्याला फिरता दवाखाना म्हणतात तो हाच.

मग त्यांनी याहून मोठे धाडस केले. या देशातील मुलींनाच वैद्य बनवावे, असे त्यांनी योजिले. मद्रास सरकारच्या मुख्य वैद्यक अधिकाऱ्यास ही कल्पना हास्यास्पद वाटली. तीन मुली तरी मिळतील की नाही, याचीच त्याला शंका होती. अर्ज कितीतरी अधिक आले. १९१८ साली शाळा उघडली. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत त्या इलाख्यातील पुरुष विद्यार्थी बहुसंख्येने नापास झाले, आणि वेल्लोरच्या चौदाही मुली उत्तीर्ण झाल्या. पुढे सरकारने जुना अभ्यासक्रम बंद करून विद्यापीठाची पदवी आवश्यक केली, तेव्हा शाळा बंद पडण्याची वेळ आली होती. सत्तरीस टेकलेल्या आयडाबाई पैशासाठी पुन्हा अमेरिकाभर हिंडल्या. शाळेचे महाविद्यालय झाले, व १९४७ साली तेथे पुरुष विद्यार्थीही घेतले जाऊ लागले. आज त्या एका खाटेच्या जागी दोन हजारांहून अधिक खाटा आहेत; आणि ज्या राणीपेटेत त्यांचा जन्म झाला त्याच जिल्ह्यात संस्थेचे नवे आवार २०२२ साली सुरू झाले.

या सर्व वर्षांत त्यांच्या घरात एक वृद्ध बाई असत. वडील गेल्यावर आई अमेरिकेस परतली नाही. ती लेकीजवळ राहिली, आणि १९२५ साली वेल्लोर येथेच प्रभूत निद्रित झाली. एका रात्री रिकाम्या बिछान्यावर रडणाऱ्या मुलीस तीच आई पुढे पंचवीस वर्षे आपल्या छपराखाली सांभाळावयास मिळाली. देव गेलेली वर्षे जशीच्या तशी परत देत नाही. शिकागोतील ती वर्षे आयडाबाईंस परत मिळाली नाहीत. पण त्याने दुसरी वर्षे दिली, आणि ती भरून दिली.

आयडाबाईंनी लग्न केले नाही. परंतु त्यांच्या विद्यार्थिनी घर सोडून, आईबाप सोडून, कोणी मलबारातून, कोणी आंध्रातून अशा वेल्लोरास येत, तेव्हा त्यांस तेथे मावशीसारखी एक बाई भेटे. त्यांस त्या आयडामावशी म्हणूनच ठाऊक होत्या. घरापासून दुरावलेल्या मुलीस पहिल्या रात्री काय वाटते, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही. २४ मे १९६० रोजी कोडईकनाल येथे, नव्वदाव्या वर्षात, त्यांनी देह ठेविला.

आता आमच्या घरांकडे पाहू. दसरादिवाळी झाली की बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, आणि पट्टा पडेपर्यंत पाचसहा महिने परत येत नाहीत. काही मुले आईबापांबरोबर फडावर जाऊन शाळेस मुकतात. काही आजीजवळ, काही बोर्डिंगात राहतात. कित्येक घरांतील बाप मुंबईत, सुरतेस किंवा आखाती देशांत आहेत. आमच्या पाळकांची व शिक्षकांची मुलेही बदल्यांमुळे नातलगांकडे वाढतात. या आईबापांस आम्ही दोष देत नाही. भाकरीसाठी घर सोडणाऱ्यांच्या डोळ्यांतील पाणी आम्ही पाहिले आहे. आणि सर्वच वियोगांतून वेल्लोर उभे राहते, असे खोटे सांत्वनही आम्ही करणार नाही. पुष्कळ मुलांच्या मनात ती जखम तशीच राहते.

परंतु या चरित्रातून आम्हांस तीन गोष्टी घेता येतील. पहिली ही की, जाणाऱ्या आईबापांनी मुलास अंधारात ठेवू नये. झोपेत असता निघून जाणे, खाऊच्या निमित्ताने फसवून बाहेर पाठविणे, हे सोपे वाटते. पण मूल जागे होते, आणि मग ते कोणावरच विश्वास ठेवीत नाही. त्याला जवळ घेऊन सांगावे की आपण कोठे जात आहो, का जात आहो, व केव्हा येणार आहो. आणि ते रडेल तितके रडू द्यावे. आज पत्रासाठी आठवडे थांबावे लागत नाही. फडावरूनही रोज संध्याकाळी दोन शब्द बोलता येतात. ते बोलावे.

दुसरी गोष्ट अशी की, मागे राहिलेले मूल केवळ आजीचे नाही. ते मंडळीचे आहे. शब्बाथशाळेत कोणते मूल मागच्या बाकावर गप्प बसले आहे, कोणते फारच दंगा करीत आहे, हे पंचांनी व बायबलबाईंनी पाहावे. नाताळात ज्यांचे आईबाप फडावर असतील त्या मुलांस मंडळीतील एकेका घराने जेवावयास बोलवावे. आयडास चुलत्यांचे घर होते. आमच्या गावच्या मुलास ते घर आम्हीच झाले पाहिजे.

तिसरी गोष्ट पाळकांस व सर्व धार्मिक आईबापांस उद्देशून आहे. आपले पाचारण मुलांच्या डोक्यावर गाठोड्यासारखे ठेवू नये. स्कडर घराण्याची पुण्याई आयडास मिशनरी करू शकली नाही. उलट तिने ती दूर लोटिली. देवाने तिला तिच्याच नावाने, तिच्याच रात्री, तिच्याच दारी हाक मारिली. आईबापांचे काम एवढेच की, ती हाक येईल तेव्हा मूल आपल्याजवळ जागे असावे, आणि आपल्याविषयी त्याच्या मनात प्रीती उरलेली असावी.

ज्याने शमुवेलास शिलोच्या अंधारात एकटे सोडिले नाही, तो प्रभू आमच्या गावोगावच्या लेकरांस या ऊसतोडीच्या दिवसांत आपल्या पंखांखाली राखो, आणि त्यांच्या आईबापांस सुखरूप घरी आणो.